अळीला सवय लागत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बी.एस्सी.च्या मुलांना आनुवंशिकी एका पेपरात असते आणि उत्क्रांती दुसऱ्या पेपरात. पहिल्या पेपरात मेंडेलचे वाटाणे, चौकटीत भरायची अक्षरे आणि तीनास एक हे प्रमाण. दुसऱ्यात डार्विनचा प्रवास, जिराफाची मान आणि जीवाश्म. परीक्षा झाली की दोन्ही वह्या रद्दीत जातात, आणि दोन्ही वह्यांत एकच गोष्ट लिहिली होती हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मी बी.ए. झालेला, मराठी साहित्य घेतलेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाची ही पुस्तके घरातल्या मुलींच्या टेबलावरून उचलून वाचली, एवढीच माझी पात्रता. पण पिंजाऱ्याच्या घरात वाढलो. गादीत भरायला आलेल्या कापसातली पिवळी पडलेली, चिकटलेली, किडलेली कवडी वेगळी काढायची हे काम लहानपणी आम्हा पोरांकडे असे. ती कवडी ज्या किड्यामुळे होते, त्या किड्याच्या गोष्टीत मेंडेल आणि डार्विन असे शेजारी बसलेले आहेत की त्यांना वेगळे करताच येत नाही. आज ती गोष्ट सांगायची आहे.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. आता इथे जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आणि तूर. तरी कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या बाजूला पऱ्हाटी अजून टिकून आहे. तिकडच्या कोणत्याही पारावर बसा आणि गुलाबी बोंडअळीचा विषय काढा. एक वाक्य हमखास ऐकू येते. मला एका ओळखीच्या शेतकऱ्याने ते असे ऐकवले, "चाचा, आता या अळीले बीटीची सवय झाली. पानी पेल्यावानी पेते ते."

वाक्य झकास आहे. कवी म्हणून मला ते आवडते. पण सगळा घोटाळा त्यातल्या 'सवय' या शब्दात आहे. सवय एका जिवाला लागते. चहाची लागते, तंबाखूची लागते, आज एक चिमूट, उद्या दोन. अळीचे अळीपण फार तर दोन-तीन आठवड्यांचे. बीटी कपाशीची सरकी कुरतडली की ती मरते किंवा जगते. थोडे थोडे खाऊन अंगवळणी पाडायला तिला सवडच नसते. जी मेली ती मेली. जी जगली ती जन्मतःच वेगळी होती. कोणतीही एक अळी बदललेली नाही. बदलली ती अळ्यांची वस्ती, कारण वेगळ्या अळ्यांची पोरे उरली आणि साध्या अळ्यांची उरली नाहीत. 'वेगळी जन्मली' हा भाग आनुवंशिकीचा, आणि 'तिचीच पोरे उरली' हा भाग उत्क्रांतीचा. बाकी जे सांगणार आहे तो या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

हे जोडकाम माणसाला सहज जमलेले नाही. डार्विनचे पुस्तक १८५९ साली आले. निसर्ग निवड करतो हे त्याने शेकडो उदाहरणांनी दाखवले, पण गुण आईबापांकडून पोरांत कसे उतरतात हे त्याला ठाऊक नव्हते. त्या काळची समजूत अशी की दोघांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. १८६७ साली फ्लीमिंग जेन्किन नावाच्या एका स्कॉटिश इंजिनिअरने नेमके इथेच बोट ठेवले. समुद्राखालून तारा टाकणारा हा माणूस, पण प्रश्न त्याने बिनतोड विचारला. गुण जर मिसळत असतील, तर हजारांत एखाद्या जिवात आलेला चांगला गुण पुढच्या पिढीत निम्मा होईल, त्याच्या पुढच्यात पाव, आणि निवड करायला निसर्गाच्या हाती काही राहणारच नाही. हंडाभर पाण्यात निळीचा एक थेंब टाकावा तशी गत. डार्विनला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर तेव्हा छापून तयार होते. ब्रुनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवर प्रयोग करून १८६५ साली ते तिथल्या मंडळात वाचून दाखवले आणि १८६६ साली ते प्रसिद्ध झाले. त्याने दाखवले की गुण मिसळत नाहीत. ते दाण्यांसारखे असतात, पिढ्यान्‌पिढ्या आख्खे उतरतात. एखादा दाणा दुसऱ्याखाली झाकला जातो, दिसत नाही, पण नाहीसा होत नाही. नातवंडांत तो पुन्हा उघडा पडू शकतो. निळीचा थेंब विरघळतो, पण ज्वारीच्या पोत्यात पडलेला एक वाटाणा वाटाणाच राहतो. जेन्किनच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. पण ते कुणी वाचलेच नाही. १९०० साली तीन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांना मेंडेल पुन्हा सापडला तेव्हा डार्विन आणि मेंडेल दोघेही हयात नव्हते.

त्यानंतरही काही वर्षे मेंडेलवाले आणि डार्विनवाले एकमेकांशी भांडत राहिले. समेट घडवला तो गणिताने. फिशर, हॉल्डेन आणि राइट या तिघांनी १९१८ ते १९३२ या काळात हिशेब मांडून दाखवला की मेंडेलचे दाणे आणि डार्विनची निवड एकत्र आली की उत्क्रांती कशी आणि किती वेगाने चालते. यांतल्या हॉल्डेनबद्दल आपल्याला आपुलकी वाटायला हरकत नाही. १९५७ साली तो इंग्लंड सोडून भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. त्याचा १९२४ सालचा हिशेब प्रसिद्ध आहे. मँचेस्टरच्या परिसरात एका जातीच्या करड्या पतंगांत १८४८ साली काळा पतंग सापडल्याची नोंद आहे, आणि १८९५ पर्यंत तिथले जवळपास सगळे पतंग काळे झाले होते, कारण कारखान्यांच्या काजळीने झाडे काळी पडली होती आणि पाखरांना करडे पतंग चटकन दिसत. एवढ्या थोड्या वर्षांत एवढा बदल व्हायचा तर काळ्यांना किती फायदा हवा, हे हॉल्डेनने आकड्यांत काढले. पाठ्यपुस्तकात हा पतंग असतोच. मला वाटते, आपल्या मुलांनी मँचेस्टरपर्यंत जायची गरज नाही.

आपला पतंगही करडा-तपकिरी, बोटाच्या नखाएवढा, रात्री उडणारा. मादी शे-दीडशे अंडी घालते, पात्या-फुलांवर, नंतर बोंडांवर. अंड्यातून निघालेली सुतासारखी अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. म्हणून बाहेरून बोंड हिरवेगार, ठणठणीत दिसते आणि आत सरकी पोखरलेली असते. फुलात शिरली तर पाकळ्या चिकटून फूल उमलत नाही, त्याला आपण डोमकळी म्हणतो. फवारणीचे औषध बोंडाच्या आत पोचत नाही. महिन्याभरात एक पिढी होते, म्हणजे एका हंगामात चार-पाच, पीक लांबले तर सहासुद्धा. पीक संपत आले की शेवटच्या पिढीच्या अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यामध्ये, किंवा पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडात, किंवा मातीत झोपी जातात आणि पावसाळ्यात जाग्या होतात. ही कीड बाहेरून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी तिचे पहिले वर्णन केले ते भारतातल्याच कापसावरून. आजोबांच्या काळीही ती होती. पण तेव्हा ती इतर अळ्यांतली एक होती.

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. त्याच्याजवळ एक प्रथिन असते. ते अळीच्या आतड्यात विरघळले की आतड्याच्या पेशीवरच्या एका विशिष्ट रेणूला जाऊन चिकटते, पेशीला भोके पडतात आणि अळी मरते. माणसाच्या, गुराच्या आतड्यात तो रेणू नाही, म्हणून आपल्याला ते बाधत नाही. कुलूप आणि किल्ली म्हणा. हे प्रथिन तयार करणारे जनुक कपाशीत घातले आणि झाड स्वतःच अळीनाशक झाले. २००६ साली दोन जनुके असलेले दुसरे वाण आले. दोन किल्ल्या, दोन वेगळी कुलुपे. पहिली काही वर्षे खरोखर चांगली गेली. फवारण्या कमी झाल्या, बोंडे भरली. आज कुणी काहीही म्हणो, ती वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना ती आठवतात.

आता अळीकडे येऊ. कोट्यवधी अळ्यांत काहींच्या कुलपाची घडण थोडी वेगळी असते. जनुकाची नक्कल होताना कुठे तरी अक्षर चुकते, तुकडा गळतो. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. ते बीटीमुळे होत नाही, बीटीच्या आधीही होत होते. फक्त तेव्हा बिघडलेल्या कुलपाचा काही उपयोग नव्हता. बीटी आली आणि बिघडलेले कुलूप वरदान ठरले, कारण किल्ली त्यात बसत नाही. जनुक चांगले की वाईट हे जनुकावर ठरत नाही, ते वावरात काय पेरले आहे यावर ठरते.

पण अळीला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली आणि एक शाबूत असेल तर शाबूत कुलपात किल्ली बसते आणि अळी मरते. म्हणजे प्रतिकाराचे हे जनुक मेंडेलच्या भाषेत अप्रभावी. अळी वाचायची तर दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात. इथे थोडा हिशेब करू. समजा, हजार प्रतींत एक बिघडलेली आहे. मग दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच अळीत येण्याची शक्यता हजारांत एक गुणिले हजारांत एक, म्हणजे दहा लाखांत एक. एकच प्रत बिघडलेल्या अळ्या मात्र दहा लाखांत १९९८. हा हिशेब १९०८ साली हार्डी आणि वाइनबर्ग यांनी मांडला. हार्डी म्हणजे रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे गणितज्ञ. पाहा, प्रतिकाराचा जवळजवळ सगळा साठा झाकलेला आहे, न दिसणाऱ्या १९९८ अळ्यांत. पाहणी करणाऱ्याला सगळ्या अळ्या मरताना दिसतात आणि तो 'शंभर टक्के परिणाम' असे लिहून जातो.

या हिशेबातूनच एक उपाय निघाला. बीटीच्या वावरात दहा लाखांत वाचलेला तो एक पतंग जोडीदार शोधायला निघेल. आसपास फक्त बीटीच असेल तर त्याला भेटणारा दुसरा पतंगही वाचलेलाच असणार, आणि त्यांची सगळी पोरे दोन्ही प्रती बिघडलेली, बीटी पचवणारी निघणार. पण शेजारी थोडी साधी, बिगर-बीटी कपाशी असेल, तर तिथे साधे पतंग हजारोंनी तयार होतील. मग त्या एकाची गाठ साध्याशीच पडेल, पोरांत एक प्रत शाबूत येईल, आणि ती पोरे बीटीवर मरतील. म्हणून नियम केला की बीटीच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्रावर साधी कपाशी लावायची. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची ती यासाठीच. शास्त्रज्ञ त्याला आश्रय पीक म्हणतात. आश्रय अळीला, हे ऐकून कुणालाही हसू येईल.

आणि तसेच झाले. ती पुडी कुणी फेकली, कुणी खाडे भरायला वापरली, कुणी गुरांना घातली. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. तीन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला तुम्ही सांगता की कडेच्या पाच ओळी अळीला खाऊ घाल. का, हे त्याच्या भाषेत सांगत नाही. पुडीतले बी कसले, उगवेल की नाही, याचीही खात्री नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेली सूचना म्हणजे समजावणे नव्हे. मेंडेल आणि हार्डी यांचा तो सुंदर हिशेब ज्याच्या हातून अमलात यायचा होता, त्याला तो कुणी सांगितलाच नाही, असे माझे मत आहे. अलीकडे साधे बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. पण तोवर बरेच पाणी वाहून गेले होते.

इथे एक गंमत सांगतो, आणि विद्यार्थ्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी. बीटी आली ती मुख्यतः हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीसाठी. हीच हरभऱ्यावरची घाटेअळी. तिनेही तेच प्रथिन खाल्ले, तितकीच वर्षे खाल्ले. पण गुलाबी अळीसारखा बीटीचा पाडाव तिने केलेला नाही. कारण घाटेअळी खादाड आहे. तूर, हरभरा, ज्वारी, टमाटे, तिला काहीही चालते. आपल्या कपाशीत तुरीचे तास असतात, शेजारच्या वावरात हरभरा असतो, आणि त्या सगळ्या पिकांवर साध्या घाटेअळ्या सुखाने वाढून पतंग होतात. तिचा आश्रय शेतकऱ्याने न लावताही आपोआप तयार होता. गुलाबी अळी मात्र जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. कपाशीच्या बहुतेक क्षेत्रावर बीटी आल्यावर तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या, पचवा नाहीतर मरा. विष तेच, वावर तेच, तरी दोन अळ्यांचा इतिहास वेगळा झाला, केवळ तुरीच्या तासांमुळे.

पुढचा क्रम नोंदलेला आहे. पहिल्या प्रथिनाला गुलाबी अळी दाद देत नाही हे २०१० साली गुजरातेतल्या काही जिल्ह्यांबाबत जाहीर झाले. २०१५ च्या सुमारास दोन जनुकांच्या वाणावरही ती गुजरातेत सर्रास दिसू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने धुमाकूळ घातला. वरून हिरवी बोंडे, आत कवडी. वेचणीला आलेल्या बायांनी बोंडे हातात घेऊन परत टाकली. कित्येकांनी उभ्या पिकात गुरे सोडली, नांगर घातला. त्याच हंगामात आपल्या मानोऱ्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या तंत्रामुळे फवारणी कमी व्हायची होती, ते तोकडे पडल्यावर पाठीवरचे पंप पुन्हा चढले. उत्क्रांती हा लाखो वर्षांचा, संग्रहालयातला विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. परवानगीपासून पंधरा वर्षे झाली होती.

शास्त्रज्ञांनी या अळ्यांची जनुके वाचली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या प्रथिनाच्या कुलपाचे जनुक भारतीय अळ्यांत एकाच तऱ्हेने बिघडलेले नाही, अनेक तऱ्हांनी बिघडलेले आहे. कुठे हा तुकडा गळालेला, कुठे तो. एकाच पूर्वजाची सगळीकडे पसरलेली ही प्रजा असती, तर सगळीकडे एकच बिघाड सापडला असता. दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत वेगळ्याच जनुकात बिघाड सापडला. निसर्गाने एकच उत्तर शोधून काढले असे झाले नाही. बिघडलेली कुलुपे इकडेतिकडे पडलेली होतीच, बीटीने ती गोळा केली.

आता बोंडात डोकावू. आपल्याकडची बीटी जवळजवळ सगळी संकरित वाणांतली. संकरित बियाण्यात बीटीचे जनुक एकाच पालकाकडून आलेले असते, म्हणजे वावरातल्या झाडाजवळ त्याची एकच प्रत असते. या झाडाचे प्रत्येक पान बीटीचे. पण बोंडातली सरकी ही त्या झाडाची पोरे, पुढची पिढी. तिथे मेंडेलचा नियम लागतो. चारांतल्या एका सरकीत बीटीचे जनुक येतच नाही. दोन जनुकांचे वाण असेल तर वहीतले ते प्रसिद्ध नऊ-तीन-तीन-एक. सोळा सरक्यांत सरासरी नऊमध्ये दोन्ही प्रथिने, तीनमध्ये फक्त पहिले, तीनमध्ये फक्त दुसरे आणि एकीत काहीच नाही. जी चौकट मुले परीक्षेसाठी पाठ करतात, ती आपल्या प्रत्येक बोंडात वाढून ठेवलेली असते. आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एकीत विष, दुसरीत अर्धे, तिसरीत नाही. जिची एकच प्रत बिघडलेली आहे, जी पूर्ण विषावर मेली असती, तिलाही अशा बोंडात सौम्य सरकी गाठून वाचायची संधी मिळते. मग झाकलेल्या १९९८ जणींतल्याही काही वाचू लागतात आणि प्रतिकार फार लवकर वाढतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. केशव क्रांती यांनी आपल्या संकरित वाणांमधला हा धोका वारंवार मांडला आहे.

गंमत अशी की चीनमध्ये याच नियमाने अळीला रोखले. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित कपाशीच्या पुढच्या पिढीचे बी पेरू लागले, म्हणजे आपल्या बोंडातली मिश्र सरकी वावरात पेरावी तसे. मग चारांतले एक झाड बिगर-बीटी निघाले आणि वावरातच आश्रय तयार झाला. प्रतिकार मागे हटला. २०१७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी आपण बोंडे फोडून पाहत होतो. प्रमाण एकच. ते झाडांत पडले की अळी हरते, बोंडात पडले की जिंकते.

नऊ-तीन-तीन-एक हे प्रमाण मिळते ते दोन जनुके वेगळ्या गुणसूत्रांवर किंवा फार लांब असली तर. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील तर ती सोबत उतरतात आणि प्रमाण बिघडते. ते किती बिघडले यावरून दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र १९४४ साली प्रसिद्ध झाले. आजही जगभर जनुकांचे नकाशे काढताना ते वापरतात, कापसाचेही. त्याला कोसंबी सूत्र म्हणतात. होय, तेच दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे, ज्यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. आमच्या बी.ए.च्या वर्गात त्यांचे नाव निघे, बी.एस्सी.च्या वर्गातही निघावे.

अळीला बळ देणारी आणखी एक गोष्ट आपल्या हातची होती, फरदड. ओलिताची सोय असली की शेवटच्या वेचणीनंतरही पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी चार क्विंटल काढायचे. भाव बरा असला की मोह होतो आणि त्यात गैर काही वाटत नाही. पण अळीच्या हिशेबात फरदड म्हणजे आणखी दोन-तीन पिढ्या, आणि म्हाताऱ्या झाडात बीटीचे प्रथिन कमी झालेले. निवडीची चाळणी आणखी दोन-तीनदा फिरते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ पासून बीटी आहे. तिथे शेतकऱ्यांनी आश्रयाच्या ओळी पाळल्या, २००६ पासून विमानांतून नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ साली त्या देशाने आपल्या मुख्य भूमीवरून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथली शेती शेकडो एकरांची, आपली दोन-चार एकरांची, तेव्हा त्यांचे जसेच्या तसे इथे चालेल असे नाही. पण बीटी आणि अळी यांची झुंज सगळीकडे एकाच निकालाने संपत नाही, एवढे यातून दिसते.

आता कृषी खाते सांगते ते पाहा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदड घेऊ नका, कमी दिवसांचे वाण लावा, कामगंध सापळे लावा, धूळपेरणी टाळा. धूळपेरणीला विरोध का? झोपलेल्या अळ्यांचे पतंग मे-जूनच्या पावसासोबत निघू लागतात. तेव्हा वावरात पात्या-फुले नसतील तर अंडी घालूनही त्यांची पोरे जगत नाहीत. पेरणी उशिरा झाली की लवकर निघालेले पतंग वाया जातात. म्हणूनच काही वर्षी १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकायला मनाई होती. उपाय उत्तम आहे.

पण आपण आज जे बोललो ते ध्यानात घेऊन विद्यार्थ्यांनी इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. सगळ्यांनी उशिरा पेरले तर कोणत्या पतंगांची पोरे उरतील? उशिरा जागे होणाऱ्यांची. लवकर जागे होणे की उशिरा, हे जर थोडे जरी जनुकांवर ठरत असेल, तर दरवर्षी आपण उशिरा उठणाऱ्यांची निवड करत जाऊ आणि पतंग हळूहळू आपल्या पेरणीच्या तारखेला येऊन मिळतील. असे होते आहे का, हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक कामगंध सापळा, एक वही. मेपासून ऑगस्टपर्यंत रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजायचे, तारीख आणि पाऊस लिहायचा. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर अशा तीन ठिकाणच्या कॉलेजांनी ठरवले तर दहा वर्षांच्या वह्या सहज जमतील. सापळ्यातली ल्यूर तेवढी तीन-चार आठवड्यांनी बदलायला विसरू नये, तिचा वास गेला की पतंग येत नाहीत आणि वहीत उगाच शून्य लिहिले जाते.